कच्च्या बटाट्याविषयी सविस्तर

आदरणीय ताई,

साष्टांग नमस्कार. (मणक्याच्या दुखण्यामुळे मला वाकणे सध्या वर्ज्य असल्याने हा नमस्कार केवळ लेखी समजावा, उद्देशात काही उणे नाही.) आपली प्रकृती बरी असेल, साडूसाहेबांचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि आपल्या तिन्ही सुना निदान जेवणाच्या वेळी एकमेकींशी बोलत असतील, असे गृहीत धरतो. यांपैकी एखादी गोष्ट तशी नसल्यास कळवावे, म्हणजे माझ्या समजुतीत त्याप्रमाणे दुरुस्ती करता येईल.

आपण म्हणाल, सरळ फोन का केला नाही. तर आमचा फोन बाहेरच्या खोलीत, आपल्या धाकट्या बहिणीच्या पलंगाच्या उशाशी आहे, आणि आजारात तिची श्रवणशक्ती तसूभरही कमी झालेली नाही. कमी झाले ते वजन. आणि प्रस्तुत पत्राचा विषय तेच वजन असल्यामुळे, तसेच त्यातला काही मजकूर तिच्या कानावर जाणे इष्ट नसल्यामुळे, हा लेखी मार्ग पत्करला आहे. पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकावे असे मी म्हणणार नाही (कागदपत्र नष्ट करणे माझ्या स्वभावात नाही). परंतु सुनांच्या हाती लागू देऊ नये.

आपल्याला आठवत असेल की दोन महिन्यांपूर्वी, ती तापातून उठून इस्पितळातून घरी आली त्याच दिवशी, आपण फोनवर म्हणाला होतात, "मी येऊन राहते महिनाभर, तिला खायला घालते." त्यावर मी "आभारी आहे, आम्ही समर्थ आहोत" असे उत्तर दिले होते. आपण तडक फोन ठेवलात. त्याचा अर्थ मला तेव्हाही कळला होता. असो. त्या दिवशी तिचे वजन एक्केचाळीस किलो होते. डॉक्टरीणबाईंनी (वय फार तर तीस, पण निदान स्वच्छ आणि वाक्ये आटोपशीर, म्हणून मी त्यांना मानतो) स्पष्ट सांगितले की दहा आठवड्यांत हा आकडा चव्वेचाळीसवर गेला पाहिजे, न गेल्यास पुन्हा दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. दर गुरुवारी वजन. घरी येताना तुमच्या बहिणीने गाडीत माझी बाही धरली आणि "मला परत तिकडे नेऊ नका हं" एवढेच म्हणाली. ती सहसा काही मागत नाही हे आपण जाणता. तिला वास येत नव्हता, चव लागत नव्हती. भाताचा घास तोंडात घेतला की, तिच्याच शब्दांत, "ओला कागद चावल्यासारखं" वाटत होते. प्रथम आम्ही बाहेरून डबा लावला. पहिल्याच दिवशी तिने झाकण उघडून परत लावले. सबब स्वयंपाक मी करावयाचा, असे ठरले. डबा महिन्याच्या बोलीवर घेतला होता, तो वाया जाऊ नये म्हणून मी खाऊ लागलो. पुढे सवय झाली, आणि आजतागायत मी तोच खातो.

कायद्यांचे मसुदे लिहिण्यात माझी एकतीस वर्षे गेली. त्या मुदतीत माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही कलमाचा दोन तऱ्हेने अर्थ लागला नाही, हे माझे वरिष्ठही नाइलाजाने मान्य करीत. अशा माणसाला भात आणि सूप जमणार नाही असे समजण्याचे कारण नव्हते. शिवाय जेवणाच्या बाबतीत मी अगदीच परका नव्हतो. लग्न झाल्यापासून ताटातल्या प्रत्येक पदार्थावर मी नियमाने शेरा देत आलो आहे. (आपल्या थोरल्या चिरंजीवांच्या लग्नानंतर आपण केलेल्या भातावर मी दिलेला शेरा आपल्याला लागला, असे मागाहून कळले. शेऱ्याच्या भाषेबद्दल दिलगीर आहे. मजकुराबद्दल नाही.)

सुरुवात दूरदर्शनसंचापासून केली. दुपारी दोन वाजता एक अत्यंत हसतमुख बाई पाककृती दाखवतात. ताई, त्या कार्यक्रमाची भाषा ऐकून माझी झोप उडाली. "थोडंसं" तेल, "अंदाजाने" पाणी, "आपल्या आवडीप्रमाणे" मीठ, आणि "छान शिजेपर्यंत" शिजवायचे. ज्या कायद्यात 'योग्य वाटेल त्याने, योग्य वाटेल तेव्हा, योग्य वाटेल ते करावे' असे लिहिलेले असेल, त्या कायद्याखाली कोणालाही शिक्षा होणार नाही हे खरे. पण सूपही होणार नाही. त्यातून कांद्याचा प्रकार ऐका. कांदा कढईत पडतो तेव्हा पांढरा असतो. मग बाई म्हणतात, "कुठंही जाऊ नका!" साबणाची जाहिरात लागते, आणि त्या परततात तेव्हा कांदा सोनेरी झालेला असतो. मधली सात मिनिटे, म्हणजे नेमकी जी शिकण्यासाठी मी वही घेऊन बसलो होतो ती, प्रेक्षकांपासून दडवून ठेवण्यात येतात.

आता आमचा संच बाहेरच्या खोलीत आणि शेगडी आत. अंतर अकरा पावले. मी एक ओळ ऐकून आत जाई, ती अमलात आणी आणि पुढची ओळ ऐकायला बाहेर येई. तुमची बहीण पलंगावरून, टेनिसचा सामना पाहावा तशी, मान इकडून तिकडे वळवीत असे. पहिल्या दिवशी गाजराचे सूप होते. गाजरे शिजत असताना ढवळणे थांबवू नये असे बाईंनी बजावले असल्यामुळे जाहिरातीनंतरचा भाग मी आत उभा राहून नुसता कानांनी ऐकला. त्यानुसार साखर घातली, व्हॅनिलाचे सहा थेंब घातले, दोन अंडी फेटून घातली आणि भांडे अर्धा तास वाफेवर ठेवले. जाहिरातीनंतर पदार्थ बदलून पुडिंग सुरू झाले होते, हे मला बाहेरून कोणी सांगितले नाही. ते सूप सुरीने कापून वाढावे लागले. तुमच्या बहिणीने दोन घास घेतले, "छान आहे" म्हणाली आणि ताटली बाजूला सरकवली. मी त्या कार्यक्रमाला सतरा आक्षेपांचे पत्र पाठवले. उत्तरादाखल 'आठवड्याचे उत्कृष्ट प्रेक्षकपत्र' म्हणून एक एप्रन आला, ज्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत त्याच बाई हसत आहेत. सतरांपैकी एकाही आक्षेपाला उत्तर नाही. कापड चांगले असल्यामुळे मी तो उलटा करून वापरतो.

नंतर वर्ग लावला. भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, आठ शेगड्या, दोन खिडक्या (पैकी एक उघडत नाही) आणि शिकवणाऱ्या बाई. या बाईंनी एका वसतिगृहात बावीस वर्षे रोज चारशे मुलींचे जेवण रांधले आहे. त्यामुळे त्यांचा आवाज चारशे माणसांपुरता आहे आणि धीर चार माणसांपुरताही नाही. विद्यार्थी चौदा. बारा नववधू किंवा होऊ घातलेल्या नववधू, एक बसचालक (बायकोची पाळी कारखान्यात संध्याकाळची असते म्हणून) आणि मी. पहिल्याच तासाला मी मध्यम आचेची व्याख्या विचारली. बाईंनी पळी खाली ठेवली.

"साहेब, लग्न झालंय ना?"

झाले आहे, असे मी सांगितले.

"मग ऐका. बायको रागावलीय पण बोलत नाहीये, ही मध्यम आच. बायको माहेरी फोनवर बोलतेय, ही मंद. आणि मोठी आच म्हणजे तुम्ही तिला असले प्रश्न विचारलेत, की लागलीच!"

नववधूंनी टाळ्या वाजवल्या. मी ते शब्दशः उतरवून घेतले आणि ही व्याख्या बायकोगणिक बदलणार असल्याने सर्वत्र सारखी लागू होऊ शकत नाही, असे निदर्शनास आणून दिले. तेव्हापासून त्या वर्गात माझे नाव 'कलमकाका' पडले. (बसचालकसुद्धा त्याच नावाने हाक मारी. वयाने तो माझ्या निम्मा आहे. पण कांदा चिरण्यात त्याचा हात असा चालतो की मी फारसे मनावर घेतले नाही.) मी पट्टी लावून सहा मिलिमीटरचे तुकडे करीत असे. बाई मागून येऊन म्हणत, "काका, कांदा चिरायचाय, भिंत बांधायची नाहीये!" आमचा खरा मतभेद मात्र चाखण्यावरून झाला. दर पाच मिनिटांनी त्या ओरडत, "चाखा! चाखल्याशिवाय कळणार कसं?" मी तत्त्वतः चाखत नाही. मसुदा लिहिणाऱ्याने स्वतःच्याच मसुद्याचा निवाडा करू नये, हे मी आयुष्यभर पाळले आहे. ते एका पळीसाठी मोडावे असे मला वाटले नाही. अखेरच्या परीक्षेत बसचालक पहिला आला. मी चौथा. पुनर्मूल्यांकनाचा माझा अर्ज बाईंनी वाचला आणि त्यावर गरम भांडे ठेवले.

तरीही वर्गाचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरी आल्यावर मी बाईंनी तोंडी सांगितलेले सर्व काही नीट कलमांत बांधले. व्याख्या, मुख्य कृती, अपवाद, शेवटी परिशिष्ट. 'चिमूटभर' हे माप माणसाच्या बोटांप्रमाणे बदलत असल्यामुळे ते रद्द केले आणि सर्वत्र त्याऐवजी 'एक चमचा' घातले. याप्रमाणे सिद्ध केलेले माझे गाजर-दालचिनीचे सूप हे, मी कोणत्याही अतिशयोक्तीविना सांगतो, निर्दोष आहे. रंग एकसारखा, गुठळी शून्य, वाढताना तापमान कायम. तुमच्या बहिणीने दोन चमचे घेतले. "छान आहे" म्हणाली. वाटी सरकवली.

ताई, मी माणसांना 'छान आहे' म्हणताना पुष्कळ ऐकले आहे. कचेरीत एखादा मसुदा न वाचता सही करायची असली की वरचा साहेब तेच म्हणे. चार आठवडे मी ते शब्द दिवसातून तीनदा ऐकले. मी ट्रेमध्ये कागद आणि पेन्सिल ठेवून लेखी शेरे मागवले. तिने कागदावर 'छान आहे' असे लिहून दिले. पाचव्या गुरुवारी काट्याने चाळीस दाखवले. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा पाहिला, मग माझी कलमांची वही पाहिली (ती मी मार्गदर्शनासाठी बरोबर नेली होती), आणि विचारले, "काका, काकूंना तुम्ही जेवायला वाढताय की वाचायला देताय?" परतीच्या वाटेवर तुमची बहीण खिडकीबाहेर बघत होती. या खेपेस तिने बाही धरली नाही. मला ते अधिक वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट आता तपशिलाने सांगतो, कारण सारे तिथूनच फिरले. दुपारी मी बटाटे उकडायला ठेवले. कलम नऊ अन्वये बटाट्यांना अठरा मिनिटे. मी घड्याळ लावले, बाहेरच्या टेबलाशी बसून पुनर्मूल्यांकनाचा दुसरा अर्ज लिहिला, अठरावे मिनिट भरताच आत जाऊन पाणी गाळले, सोलून फोडी केल्या, लोणी-मिरपूड लावली आणि वाढले. गॅस सहाव्या की सातव्या मिनिटालाच संपून ज्योत विझलेली होती. मी खाली वाकून पाहिले नाही. (मणका.) फोडी करताना सुरी अडत होती हे मला जाणवले होते, पण कलमात अठरा मिनिटे लिहिलेली होती, आणि अठरा मिनिटे झाली होती. त्या मुदतीत ज्योत पेटलेली असली पाहिजे, असे कलमात कुठेही म्हटलेले नव्हते. एकतीस वर्षांत माझ्या मसुद्यात राहिलेली ही पहिली फट.

तुमच्या बहिणीने फोड तोंडात घातली. कर्रर्र असा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. तिने चावणे थांबवले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो."

मी म्हटले, काय?

"हा बटाटा कच्चा आहे."

मी म्हटले, शक्य नाही. तिने दुसरी फोड घेतली. "हाही." तिसरी घेतली. "हा अर्धा. बाहेरून शिजलाय, आतून नाही." मग ताटली मांडीवर ओढून घेतली आणि एकेक फोड उजेडात धरून, चावून, निकाल देऊ लागली. "हा कच्चा. हा त्याचा भाऊ. हा बघा, हा तर आत्ता मातीतून आलाय!" नऊ फोडी, ताई. मी मोजल्या. पाच आठवड्यांत तिने एका बैठकीला नऊ वेळा तोंड उघडले नव्हते, खायलाही नाही आणि बोलायलाही नाही.

"गॅस संपला असेल," ती म्हणाली. "बघितलंत?"

मी म्हणालो की कलम नऊमध्ये...

"ते कलम ठेवा पाण्यात. सरका." आणि ती उठली. भिंतीला हात लावीत अकरा पावले स्वतःच्या पायांनी चालत आत आली, स्टुलावर बसली, माझ्याकडून दुसरे सिलिंडर लावून घेतले, बटाटे परत उकळवले, सुरीचे टोक कसे खुपसून बघायचे ते दाखवले, आणि शिजलेल्या दोन फोडी तिथल्या तिथे थेट भांड्यातून खाल्ल्या. वर म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या भाताची शितं मोजलीत. आता कळलं?" मी कळले म्हणालो.

नंतर विचार करता कारण उघड होते. तिची चव गेली होती, दात गेले नव्हते. पुडिंग झालेले सूप आणि निर्दोष सूप तिच्या जिभेला सारखेच. कच्चा बटाटा मात्र तिच्यापर्यंत पोचला. त्यात तिला काहीतरी सांगण्यासारखे सापडले, आणि ते सांगण्यासाठी, म्हणजे पुराव्यादाखल, आणखी खावे लागले. खात्री करून घेण्यासाठी मी पुढचे दोन दिवस पुन्हा निर्दोष स्वयंपाक केला. "छान आहे," दोन चमचे, वाटी बाजूला. मला आणखी प्रयोगाची गरज उरली नाही.

तेव्हापासून, ताई, मी दर जेवणात एक चूक करतो.

हे लिहायला सोपे आहे. माझ्यासारख्या माणसाने ते करणे काय आहे, याची आपल्याला कल्पना यावी म्हणून सांगतो की एकाच वाटीसाठी गाजरे तीन वेगवेगळ्या मापांत कापण्याआधी मला पट्टी कपाटात कुलूपबंद करून ठेवावी लागली. चूक जिभेला नव्हे तर दातांना कळणारी हवी. ती अपायकारक नसावी, दोनदा येऊ नये, आणि खरी वाटावी. शिवाय ती पहिल्या घासाला न सापडता चौथ्या-पाचव्या घासाला सापडावी, म्हणजे मधले घास पोटात जातात. भाताच्या तळाशी एक थर टणक ठेवला. पांढऱ्या रश्श्यात अकरा गुठळ्या सोडल्या (ती दहा शोधून थांबली, मी "सगळ्या झाल्या?" म्हटले, तेव्हा वाटीचा तळ पाहिला). एका ऑम्लेटमध्ये अंड्याच्या कवचाचा कपटा घालण्यापर्यंत माझी मजल गेली होती. तो मी आधी धुऊन घेतला. वाढून झाल्यावर मी दाराआड उभा राहतो, आणि तिचे "अहो!" ऐकू आले की जिवात जीव येतो. आता ती रोज उठून आत येते, स्टुलावर बसते, माझ्या पकडीपासून माझ्या झाकणापर्यंत सर्व गोष्टींना नावे ठेवते, आणि नावे ठेवता ठेवता खाते. गुरुवारचा काटा वर चढू लागला. एक्केचाळीस. एक्केचाळीस आणि सातशे ग्रॅम. बेचाळीस आणि चारशे.

मधे मी एक स्वतंत्र गोष्ट केली, ती तिला ठाऊक नाही. दहा दिवस मी तिच्या कोणत्याही पदार्थात मीठ घातले नाही. (डॉक्टरीणबाईंना विचारून.) ही चूक दातांची नव्हती. ती कळण्यासाठी चवच परत यायला हवी होती, आणि ती आली की नाही हे तिला विचारून कळले नसते. विचारले असते तर माझ्या समाधानासाठी हो म्हणाली असती. दहा दिवस ती काही बोलली नाही. अकराव्या दिवशी दुपारी तिने चमचा थांबवला आणि म्हणाली, "अहो, मीठ विसरलात की काय?" मी मीठ आणायला आत गेलो. मीठ सापडायला मला बराच वेळ लागला. (बरणी समोरच होती.)

असो. मागच्या गुरुवारी काट्याने त्रेचाळीस किलो शंभर ग्रॅम दाखवले. येत्या गुरुवारी दहा आठवडे पूर्ण होतात. नऊशे ग्रॅम बाकी आहेत आणि पाच दिवस. परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणाखाली असून काळजीचे काही कारण नाही, हे आपल्याला कळवावे, एवढाच या पत्राचा उद्देश. साडूसाहेबांना नमस्कार, सुनांना आशीर्वाद, सर्वांत धाकट्या नातवाला माझ्या वतीने एकदा 'र'चा स्पष्ट उच्चार करायला सांगावे.

आपला आज्ञाधारक (या शब्दावर आपण हसाल, हसावे)
मेहुणा

ता. क. : 'पूर्णपणे नियंत्रणाखाली' यातील 'पूर्णपणे' हा शब्द कृपया वगळून वाचावा. खरे म्हणजे माझ्या चुका संपल्या आहेत. चूक सुचण्यासाठी मुळात चुकण्याची थोडीफार सवय लागते, ती मला नाही. सत्तर-बाहत्तर जेवणांत मला जेवढ्या सुचल्या तेवढ्या करून झाल्या, आणि परवा एक चूक नजरचुकीने दोनदा झाली. आपण तीन सुनांना हाताखाली शिकवले आहे. नवशिक्या माणसाच्या हातून स्वयंपाकात खरोखर काय काय बिघडते याची निदान पंधरा उदाहरणे, दातांना कळणारी, उलटटपाली पाठवावीत. सुनांच्या चुका चालतील. आपल्या स्वतःच्या पाठवण्याची तसदी घेऊ नये, त्या माझ्याकडे नोंदलेल्या आहेत.

दुसरा ता. क. : यादी करायला वेळ लागणार असेल तर यादी राहू द्या. आपणच या. दोन महिन्यांपूर्वी फोनवर उच्चारलेले "आम्ही समर्थ आहोत" हे वाक्य मी या पत्रान्वये मागे घेतो. नऊशे ग्रॅम हा आकडा कागदावर लहान दिसतो. मला काल दिवसभर दुसरे काही सुचले नाही.

तिसरा ता. क. (अक्षरावरून ओळखलंच असशील) : ताई, हे खाली गेलेत टपालाचं तिकीट आणायला आणि पाकीट उघडं ठेवून गेलेत. इतक्या वर्षांत यांनी पाकीट उघडं ठेवलेलं मी पहिल्यांदा बघतेय. हीसुद्धा ठरवून केलेली चूक असली तर मी हात टेकले!

पहिला बटाटा खराच कच्चा होता. पुढचं सगळं मला तिसऱ्या दिवशी कळलं. जो माणूस किराण्याच्या यादीत पूर्णविराम देतो, तो गाजराचे तुकडे असे वेडेवाकडे करेल होय? आणि दाराआड उभे राहतात म्हणे. दाराखालून चपला दिसतात ना यांच्या! "अहो" म्हटलं की त्या चपला जरा उचलल्या जातात. मग मी म्हणते. गुठळ्यासुद्धा मला अकरा दिसल्या होत्या, एक ठेवली होती, बघू काय करतात म्हणून.

आता मिठाचं. हे तू यांना कधीच सांगायचं नाही, माझी शपथ आहे. त्या दिवशी मला चवबिव काही आली नव्हती. दहा दिवस मी घास घेतला की हे माझ्या तोंडाकडे असे बघायचे की मलाच घास उतरेना. मी त्या स्टुलावर बसून करते काय, बरण्याच बघते. बाकी सगळ्या बरण्यांतलं रोज कमी होतं, मिठाच्या बरणीतलं तेवढं होतं तिथेच. म्हटलं मीठच असणार. म्हणून म्हटलं. आतून बराच वेळ आले नाहीत, तेव्हा वाटलं, खोटं बोलले ते बरं केलं.

खरी चव परवा आली. परवा यांना चूक सुचली नव्हती वाटतं, म्हणून ते आपलं निर्दोष सूप केलं. पहिला चमचा घेतला आणि ताई, काय सांगू! इतकं वाईट सूप मी जन्मात तोंडात घातलं नाही. चमचाभर दालचिनी, एवढ्याशा वाटीत! लाकूड किसून घातल्यासारखं लागतं. चाखत नाहीत, स्वतः डबा खातात, यांना पत्ता असणार कुठून? मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, रडत रडत अख्खी वाटी संपवली. हे घाबरून आत आले. मी म्हटलं, "छान आहे." रिकाम्या वाटीकडे बघून हे कालपासून बसलेत, कुठली चूक राहिली ते शोधत. तेच "दिवसभर दुसरे काही सुचले नाही".

यादी पाठवू नकोस, यांच्या स्वतःच्या चुका अजून पुष्कळ शिल्लक आहेत. तू मात्र ये. गुरुवारचं मी बघते, तू काळजी करू नकोस.

जिन्यात पावलं वाजली. पत्र होतं तसं ठेवते. आत ओट्यावर काहीतरी झाकून ठेवलंय, काय बिघडवलंय कोण जाणे, पण वास इथपर्यंत येतोय. भूक लागलीय गं.